मुलांच्या हातचा दागिना

आठवड्याच्या बाजारात भाजी, मिरची, तेल-मीठ घेऊन आपण परत निघतो, आणि नेमके मण्यांच्या गाड्याशी पोर पदर धरून उभे राहते. काचेचे मणी, चकाकती कानातली, प्लॅस्टिकचे हार! आपण म्हणतो, "पुढच्या बाजारी घेऊ हं." पोरीलाही ठाऊक असते, की पुढच्या बाजारी आई हेच म्हणणार आहे. घेतलाच एखादा हार, तर दुसऱ्या दिवशी त्याचा मुलामा उतरतो आणि मानेला खाज सुटते.

भगिनींनो, मुलांची ही हौस घरच्या घरी भागवता येते, आणि चांगली भागते. त्यासाठी सोने लागत नाही, चांदी लागत नाही. जुनी दिनदर्शिका, खराट्याची काडी, कुंभाराकडची मूठभर माती, भोपळ्याच्या बिया आणि संक्रांतीचा हलवा एवढ्यावर चार मुले चार संध्याकाळी रमतात. कसे करायचे ते सांगतेच. पण त्याबरोबर एक सावधगिरीही सांगायची आहे. ती आमच्या घराने भीतभीत शिकलेली आहे, म्हणून आधी तीच हकिगत ऐका.

नव्या सुनेची पहिली संक्रांत

त्या वर्षी तूर फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला. कापूस बोंडातच भिजला. घरात पैशाची ओढ होती, आणि जाऊबाईंच्या सुनेची पहिली संक्रांत तोंडावर आली. काळे लुगडे तिच्या माहेरहून येणार होते, पण हलव्याचे दागिने सासरने करायचे. तालुक्याच्या दुकानात तयार संच टांगलेले होते. किंमत ऐकून जाऊबाई काही न बोलता परत आल्या. घरी येऊन चुलीपुढे बसल्या नि म्हणाल्या, "राहू दे यंदा दागिने. हळदीकुंकू करू साधंच."

सून शहाणी. ती काही बोलली नाही. पण तिच्या तोंडाकडे पाहून आमच्या सासूबाईच म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी विकत आणत होतं का दागिने? हलवा आणा पाव किलो. पोरं बोलवा. मी सांगते."

आणि मग आठ दिवस आमच्या ओसरीवर सराफकट्टाच भरला.

हलवा ओवायचा नसतो, बांधायचा असतो

हलवा घरी करणे हे मोठ्या चिकाटीचे काम. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि एकतारी पाक चमचा चमचा सोडत बोटांनी फिरवत राहायचे. पहाटेच्या थंडीत काटा चांगला येतो. एका दिवसात तो होत नाही. शिवाय उकळता पाक अंगावर उडाला तर खोल भाजतो. म्हणून मुलांना घेऊन करायचे असेल, तर हलवा विकत आणावा आणि दागिना तेवढा घरी करावा.

सुई घालायला गेलात तर हलव्याचा दाणा फुटतो. म्हणून तो दोऱ्याने बांधतात. पांढरा शिवणाचा दोरा दुहेरी घ्या. दोऱ्याची सैल गाठ घाला, त्या फासात एक दाणा ठेवा आणि हलकेच ओढा. दोरा काट्यांच्या मध्ये बसतो आणि दाणा पक्का राहतो. अर्धे बोट अंतर सोडून दुसरी गाठ, दुसरा दाणा. पहिले चार-पाच दाणे निसटतील, काही फुटतील. मुलांना रागावू नका. दहाव्या दाण्याला हात बसतो.

कामाची वाटणी अशी करा. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी दाणे निवडावेत. मोठे एका ताटलीत, मधले दुसऱ्या, बारीक तिसऱ्या. आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुले गाठी मारतील. कात्री मोठ्यांच्या हातात. आजीने जवळ बसून नुसते सांगायचे.

दाण्यांची लड तयार झाली, की दागिने भराभर होतात. जुन्या बांगडीला काळ्या कापडाची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर लड फिरवून टाके घाला. झाली हलव्याची बांगडी. बाजूबंदासाठी वहीचा पुठ्ठा दोन बोटे रुंद कापा, काळे कापड चढवा, मध्ये मोठा दाणा आणि भोवती बारीक दाणे टाचा, मागे बांधायला नाडी. काळ्या मण्यांच्या दोन सरांमध्ये दोन वाट्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या गोल चकत्या लावून त्यांवर हलवा बसवला, की मंगळसूत्र. कानातल्याचा आकार कागदावर काढून मग पुठ्ठा कापा, म्हणजे दोन्ही सारखे होतात. आमच्या घरी एवढे सारे करून पाव किलोतला हलवा उरला.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हलवा चिकटवायचा असेल तर खळ घट्ट हवी. पातळ खळीने साखर पाघळते. आणि रात्री हे सारे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ताटलीत ठेवायचे झाले, तर ताटली पाण्याच्या परातीत वाटीवर ठेवा. नाहीतर सकाळी दागिन्यांवर मुंग्यांची वरात दिसेल! अंगावरच्या दागिन्याचा हलवा मुलांना खायला देऊ नका. त्याला खळ, घाम, केसांचे तेल सारे लागलेले असते. खायचा हलवा आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवा.

दिनदर्शिकेचे मणी

हलव्याच्या गाठी लहानग्यांना जमत नाहीत आणि ती हिरमुसतात. त्यांच्या हातात जुन्या दिनदर्शिकेचे रंगीत पान द्या. त्याच्या लांब, निमुळत्या त्रिकोणी पट्ट्या कापा. एका टोकाला दोन सेंटिमीटर रुंद, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार, लांबी वीतभर किंवा थोडी जास्त. रुंद टोक खराट्याच्या काडीवर ठेवून गुंडाळायला सुरुवात करायची. पहिला वेढा कोरडा, नंतर खळीचे बोट फिरवायचे. शेवटचे निमुळते टोक बरोबर मध्यावर आले, की मणी पोटात फुगीर आणि कडांना बारीक होतो. काडी अलगद काढून घ्या आणि मणी सावलीत वाळवा. पट्टी जितकी लांब तितका मणी जाड.

खळ घरचीच करा. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. पारदर्शक आणि घट्ट झाली की उतरवा. पुस्तके बांधणारे खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात नको. ते पोटात गेले तर विष आहे. लागेल तेवढी खळ करा आणि उरली तर दोन दिवसांत टाकून द्या.

कोऱ्या कागदाचे मणी रंगवायचे असतील तर बीट किसून त्याचे पाणी काढा, हळद कालवा. फाल्गुनात पळस फुलला, की त्याच्या फुलांचा केशरी रंग मिळतो. हे रंग बाजारच्या रंगासारखे टिकत नाहीत, पण बोट तोंडात गेले तरी धसका घ्यायला नको.

मातीचे मणी

आपल्या काळ्या रानाची माती मुले सर्वांत आधी आणतील. तिचे मणी वळतातही सुरेख. पण वाळताना तडकतात. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते; उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्याच कारणाने मणीही भेगाळतो. हे मुलांना एकदा करून पाहू द्या. शाळेतल्या धड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहील. मग कुंभारकाकांकडून तयार केलेली माती मागून आणा, किंवा शाडू घ्या.

माती ओल्या कणकेसारखी मळा, खडे काढा. हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा आणि काडी फिरवत फिरवत आरपार घाला; नुसती दाबली तर मणी चपटा होतो. काडी काढल्यावर दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. उन्हात वाळवण्याची घाई करू नका. कच्चा मणी घामाने विरघळतो, म्हणून भाजायला हवा. कुंभाराचा आवा लागणार असेल तेव्हा एका मडक्यात घालून मणी त्यांच्याकडे द्या. तांबडा खणखणीत मणी हाती येतो, तेव्हा मुलांचे डोळे पाहण्यासारखे असतात.

हे खूळ आजचे नाही बरे! प्रवरेकाठच्या नेवाशाला आपण ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून हात जोडतो. तिथे १९५०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे शेतकरी राहत होते. त्यांच्या एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेषही होते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या तशाच जुन्या शेतकरी वस्तीत भाजलेल्या मातीचे मणी निघाले. नेवाशाचे ते लेकरू वाचले नाही. पण त्याला निरोप देताना कुणीतरी त्याच्या गळ्यात माळ राहू दिली. पोराच्या गळ्यात काहीतरी घालावे, ही माया तेव्हाही अशीच होती.

बिया: कोणत्या घ्याव्यात, कोणत्या नाहीत

लाल भोपळ्याच्या आणि कलिंगडाच्या बिया धुऊन वाळवल्या, की सुईने सहज ओवता येतात. खाण्याचा मका रात्रभर भिजत घातला, की दाण्यात सुई जाते. ओवल्यावर माळ कडकडीत वाळवावी. वैजयंतीच्या बियांना तर निसर्गानेच भोक ठेवलेले असते. चिंचोके चकाकतात छान, पण फार कठीण. ते ओवायच्या भानगडीत न पडता पुठ्ठ्यावर चिकटवावेत.

आता नको असलेल्या बिया नीट वाचा.

गुंज दिसायला सर्वांत देखणी. लाल अंग, काळा डोळा. सोनार तिने सोने तोलत, म्हणून आपल्याला ती घरची वाटते. पण तिच्या आतला गर जहाल विषारी आहे. कठीण साल शाबूत असेल तोवर विष आत कोंडलेले असते. ओवण्यासाठी भोक पाडले किंवा दाताने फोडली, की वाट मोकळी होते. गुंजेची माळ मुलांना करू देऊ नका, घालूही देऊ नका.

एरंडी, मोगली एरंड म्हणजे चंद्रज्योत, पिवळी कण्हेर आणि धोतरा यांच्या बियाही विषारी. चंद्रज्योतीच्या बिया गोड लागतात म्हणून शाळेच्या वाटेवर मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात. सीताफळाची बी माळेत सुंदर दिसते, पण तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. भोक पाडताना पूड उडतेच. तीही नको.

आणि सर्वांत धोक्याचे बी जंगलात नाही, आपल्याच घरात असते. ते आम्हाला त्या संक्रांतीला कळले.

गुलाबी मका

ओसरीवर दागिन्यांचे काम रंगले होते. माझी सात वर्षांची नात मोठ्या मुलांमध्ये मागे पडत होती. तिच्या गाठी सुटत. चौथ्या दिवशी ती दुपारभर कुठे दिसली नाही. संध्याकाळी आली ती थेट नव्या सुनेपुढे. मुठीत माळ होती.

"काकू, ही मी एकटीनं केली. संक्रांतीला हीच घाल."

माळ गुलाबी होती. एकसारख्या दाण्यांची, देखणी. सुनेने कौतुकाने हातात घेतली आणि क्षणात तिचा चेहरा उतरला. ती शेतकऱ्याचीच लेक. म्हणाली, "आत्याबाई, हा पेरणीचा मका आहे."

जूनमध्ये पेरून उरलेली पिशवी फडताळात, माझ्या शिवणाच्या पिशवीशेजारी, तशीच पडलेली होती. पोरीने दाणे भिजवले होते. सुई सरेना तेव्हा एक-दोन दाणे दातात धरले होते. दोरा ओला करायला तोंडात घातला होता. तिची बोटे गुलाबी होती आणि ओठांची कडही.

त्यावेळी डोके चालले ते सुनेचे. तिने पोरीचे तोंड खळखळून धुवायला लावले, हात साबणाने धुतले, अंगावरचा झगा बदलला. कुणीतरी म्हणाले, मीठ-पाणी पाजून उलटी काढा. ती म्हणाली, "नको. डॉक्टर सांगतील ते करू." आणि निघताना ती पिशवी बरोबर घेतली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, की पिशवी आणली आहे का? तिच्यावर औषधाचे नाव छापलेले होते. रात्रभर पोरीला डोळ्यांखाली ठेवले. पोटात गेले ते थोडे होते, म्हणून निभावले. सकाळी ती भूक लागली म्हणून रडली, तेव्हा आम्ही सगळे तिच्याबरोबर रडलो.

परतताना ती घाबरून विचारत होती, "आजी, माझं चुकलं का गं?"

भगिनींनो, तिचे काहीच चुकले नव्हते. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक लावलेले असते. ते कुणी खाऊ नये म्हणून त्याला लाल, गुलाबी, निळा, हिरवा असा भडक रंग देतात. मोठ्यांना तो रंग सांगतो, "हात लावू नका." लेकराला तोच रंग सांगतो, "ये, माझी माळ कर." चूक होती ती पिशवी फडताळात ठेवणाऱ्या माझी.

म्हणून मुलांना घेऊन बसण्याआधी एवढे करा. उरलेले बियाणे घरातून काढून कुलपात ठेवा. ते पाखरांना, कोंबड्यांना टाकू नका, दळूही नका. औषधांच्या रिकाम्या चकचकीत पिशव्या टिकल्या कापायला मुले उचलतात. पाकिटावर चौकोनात रंगीत त्रिकोण दिसला, की ते मुलांच्या हाती नको. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा आहे म्हणून तो खेळणे होत नाही. चमक हवी असेल तर बिस्किटाचे किंवा चहाचे वेष्टन धुऊन घ्या. आणि मुलाने काही गिळल्याचा संशय आला, तर उलटी काढत बसू नका. १०८ला फोन करा किंवा दवाखाना गाठा, आणि बी किंवा पाकीट बरोबर न्या.

बोरन्हाण घालताना

बोरन्हाण घालतो ते बाळ एक-दोन वर्षांचे असते. त्याच्या अंगावर हलव्याचे मुकुट, बासरी, हार घालतो. फोटो निघेपर्यंत ठीक. पण नंतर लगेच उतरवा, कारण दाणा तुटून बाळाच्या तोंडात जातो आणि घशात अडकू शकतो. हरभरे, शेंगदाणे, बोरे यांचेही तसेच. डोक्यावरून चुरमुरेच जास्त ओता, कठीण जिन्नस बाजूला ताटात ठेवा आणि खाली सांडलेले बाळाच्या हाती लागण्यापूर्वी वेचून घ्या. वेचायला जमलेली मोठी मुले असतातच! गळ्यातली माळ बांधताना दोरा बारीक घ्या, हिसका बसला तर तुटेल असा. माळ घालून बाळाला झोपवू नका.

मुलग्यांनाही बसवा

"हे काय, पोरींचं काम!" असे म्हणणारे घरोघर असतात. त्यांना विचारा, पोळ्याला बैलाची गोंडे-घुंगरांची माळ कोण दुरुस्त करते? त्या गाठी मुलग्यांनाच येतात. आमच्याकडे बाजूबंदाच्या नाड्या बारा वर्षांच्या नातवाने वळल्या, त्या दावे वळल्यासारख्या पिळदार. त्या दिवसांत ओसरीवर कुणाचा मोबाईल हरवल्याचेही कुणाला कळले नाही.

संक्रांतीला सून काळ्या लुगड्यात पाटावर बसली. काळ्यावर पांढरा हलवा चांदण्यासारखा दिसत होता. एक बांगडी वाकडी होती, एक कानातले दुसऱ्यापेक्षा मोठे होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारत होत्या, "कुठून आणला गं संच?" आणि जाऊबाई ओसरीकडे बोट दाखवत होत्या.

हलव्याच्या हारांखाली तिच्या गळ्यात आणखी एक माळ होती. जुन्या दिनदर्शिकेच्या कागदी मण्यांची. दवाखान्यातून आल्यावर दोघींनी मिळून केलेली. रथसप्तमीनंतर हलव्याचे दागिने मोडले. ती माळ मात्र सुनेने आपल्या पेटीत ठेवली आहे.

तेव्हा यंदा दागिने घरी करा. पण मुलांपुढे सुई-दोरा ठेवण्याआधी एकदा उठून फडताळ उघडून पाहा.